वाक्यात ‘लोल’ आहे पण हसण्यासारखं काहीच नाही, मग ते तिथे असतं कशाला?

चॅटकोडं:
मंडळी, एक विचारायचंय. आमच्या टीममधली पंचविशीतली मुलं चॅटवर जे लिहितात त्यातला एकेक शब्द मला कळतो, शोधला की अर्थ मिळतोच, एनजीएल म्हणजे खोटं नाही बोलणार, टीबीएच म्हणजे खरं सांगायचं तर, नो कॅप म्हणजे थापा नाही मारत, हे सगळं पाठ झालंय. पण अख्खं वाक्य वाचलं की गाडी अडते. काल एकानं लिहिलं, ‘फाइल अजून झाली नाही लोल’. लोल म्हणजे मोठ्यानं हसणं ना, मग यात हसायचं काय आहे? त्यावर दुसरी म्हणाली ‘मी डेड’. आणि मी नुसतं ‘ठीक आहे.’ लिहिलं तर एका मुलीनं वेगळा मेसेज करून विचारलं, ताई चिडलात का? मला उगाच तरुण दिसायचं नाहीये, पण या मुलांशी रोज बोलायचंय आणि त्यांचं म्हणणं मला नीट समजायला हवंय. कोण कोणाशी, कधी, काय वापरतं, उदाहरणासकट सांगाल का?

लेव्हलअप:
ताई, लोलचा हसण्याशी संबंध सुटून जमाना झाला. खरंच हसू आलं तर आम्ही ‘मेलो’, ‘डेड’ लिहितो नाहीतर कवटीचा इमोजी टाकतो, म्हणजे हसून हसून मेलो. तुमची ती दुसरी मुलगी तेच म्हणत होती.

आता ‘फाइल अजून झाली नाही’ एवढंच लिहिलं असतं तर कसं वाटलं असतं बघा, एकदम कोरडं, नाहीतर तोंडावर फेकल्यासारखं. शेवटी लोल आला की त्याचा अर्थ होतो, मला माहितीये उशीर झालाय, मलाच ऑकवर्ड होतंय, रागावू नका प्लीज. तोच लोल सुरुवातीला आला तर सूर पार बदलतो, ‘लोल फाइल अजून झाली नाही?’ हे टोमणा मारल्यासारखं वाटतं. म्हणजे शब्द कुठे बसलाय ते आधी बघायचं, अर्थ नंतर.

ब्रोचंही तसंच. ‘ब्रो ऐक ना’ ही साधी हाक, मुलींनाही चालते. नुसतं ‘ब्रो’ आणि पुढे काहीच नाही म्हणजे बोलतीच बंद झाली, आणि ‘ब्रोओओ’ म्हणजे हातापाया पडणं चालू आहे. गेममधून आलेले पण भरपूर आहेत, जीजी म्हणजे खरं तर ‘छान खेळलात’, मॅच संपली की लिहायचं, पण आता प्लॅन बोंबलला की ‘झालं, जीजी’ असंही म्हणतो आम्ही. सस म्हणजे संशयास्पद, हा शब्द जुनाच आहे, २०२० मध्ये अमंग अस सगळे खेळायला लागले तेव्हा घराघरात पोचला.

अल्पविराम:
पूर्णविरामाचं मी सांगते, कारण मला त्याबद्दल फार आपुलकी आहे आणि त्याला फुकटचा बदनाम केलाय. चॅटमध्ये मेसेज पाठवला की वाक्य आपोआप संपतं, त्यामुळे पूर्णविरामाला काही कामच उरत नाही. तरीही कोणी दिला की वाचणाऱ्याला वाटतं हा मुद्दाम दिलाय, विषय संपवलाय, दार लावून घेतलंय. अमेरिकेतल्या बिंगहॅम्टन विद्यापीठाचा यावर २०१५ चा अभ्यास आहे. त्यात विद्यार्थ्यांना छोटी छोटी उत्तरं दाखवली, काही मेसेजच्या रूपात आणि काही हातानं लिहिलेल्या चिठ्ठीच्या रूपात. मेसेजमध्ये शेवटी पूर्णविराम असला की ते उत्तर कमी मनापासूनचं वाटलं, चिठ्ठीत मात्र असा काही फरक दिसला नाही! म्हणजे दोष चिन्हाचा नाहीच, जागेचा आहे. तुम्ही ‘ठीक आहे’ नंतर काही देऊ नका, किंवा ‘ठीक आहे, उद्या बघू’ असं दोन शब्द वाढवून लिहा, कोणी घाबरणार नाही. लांब मेलमध्ये मात्र पूर्णविराम सोडू नका हं, तिथे तो हवाच.

जुनीपानं:
लेव्हलअपचं पटलं. भाषाशास्त्रज्ञ जॉन मॅकव्होर्टर यांनी २०१३ च्या टेड भाषणात हेच मांडलं होतं, की लोल आता हसणं दाखवत नाही, बोलणाऱ्या दोघांमधली जवळीक दाखवतो. आणि ही गरज आजची नाहीये. स्कॉट फालमन यांनी १९ सप्टेंबर १९८२ ला कोलन, डॅश, कंस असा हसरा चेहरा सुचवला तोच मुळी यासाठी, की कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या ऑनलाइन फलकावर लोक गमतीत लिहायचे आणि वाचणारे ते खरं धरून चालायचे. समोर चेहरा दिसत नाही, आवाज ऐकू येत नाही, मग सूर कुठेतरी लिहावाच लागतो ना.

ज्यांना वाटतं की ही आद्याक्षरं म्हणजे मोबाइलनं केलेली भाषेची नासाडी, त्यांच्यासाठी ओएमजीचा, म्हणजे ‘ओ माय गॉड’चा, दाखला देतो. ब्रिटिश नौदलातले अॅडमिरल फिशर यांनी १९१७ मध्ये चर्चिलना लिहिलेल्या पत्रात ते आहे, पुढे फोड करून सुद्धा. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशात ओएमजी आणि लोल दोन्ही २०११ मध्ये गेले. लोल ऑनलाइन वापरात आला १९८० च्या दशकात, पण बरेच इंग्रज तोवर ‘खूप प्रेम’ या अर्थानं तीच अक्षरं पत्राखाली लिहीत होते. ब्रिटनचे माजी पंतप्रधान डेव्हिड कॅमेरून मेसेजखाली लोल लिहायचे ते याच समजुतीनं, तिथल्या वृत्तपत्रांच्या वागणुकीवर झालेल्या लेव्हसन चौकशीत २०१२ मध्ये ते सगळ्यांसमोर आलं. म्हणून कोणाच्या आजारपणाच्या किंवा दुःखाच्या मेसेजला उत्तर देताना एकही आद्याक्षर नको, सरळ पूर्ण शब्द लिहा.

सावलीतलीवेल:
एक गोष्ट सुटतेय. स्ले आणि ‘एट’ म्हणजे जबरदस्त केलंस, शेड म्हणजे आडून मारलेला टोमणा, हे सगळे ‘जेन झीचे शब्द’ म्हणून फिरतात, पण ते आले अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय लोकांच्या बोलीतून, त्यातले काही न्यूयॉर्कच्या बॉलरूम मंडळींकडून, जिथे कृष्णवर्णीय आणि लॅटिनो समलिंगी, ट्रान्स माणसं एकमेकांच्या आधारानं उभी राहिली. त्यांनी तसं बोललं की गावंढळ ठरायचं आणि बाकीच्यांनी उचललं की कूल, हे मला खुपतं. वापरू नका असं नाही म्हणत, पण कुठून आलंय ते माहीत असू द्या, आणि तो उच्चार, ती ढब नक्कल करून दाखवू नका.

चॅटकोडं:
किती छान सांगितलंत सगळ्यांनी. सावलीतलीवेल, तुम्ही सांगितलंत ते खरंच माहीत नव्हतं. एक शेवटचं, हे शब्द समोरासमोर तोंडानं पण बोलतात का, की फक्त टायपिंगपुरते?

लेव्हलअप:
काही बोलतात. लोकी (म्हणजे थोडंसं, गाजावाजा न करता), सस, ब्रो, ब्रेन रॉट (म्हणजे ऑनलाइन फालतू बघून बघून डोकं सडणं), रिझ हे बिनधास्त तोंडात असतात. रिझ म्हणजे समोरच्याला भुरळ पाडायची कला, ऑक्सफर्डनं २०२३ चा शब्द म्हणून निवडलेला. पण एनजीएल, टीबीएच, एसएमएच (म्हणजे वैतागून मान हलवणं) सहसा कोणी बोलत नाही, ते डोळ्यांनीच वाचायचे. तुमच्या टीममधली मुलं तोंडानं काय बोलतात ते ऐका आठवडाभर, त्यातलं जे तुमच्या जिभेवर सहज येईल तेवढंच घ्या, आणि नाहीच आलं तर तुमचं नेहमीचं बोला, आम्हाला चालतं ताई.