४० मेगाहर्ट्झचा एडीसी, १०० मेगाहर्ट्झचं लॉजिक: दोन फ्लॉप लावूनही मधूनच चुकीचे आकडे

नवा_आरटीएल:
१२ बिटांचा एडीसी (अ‍ॅनालॉग सिग्नलचे आकडे करणारी चिप) स्वतःच्या ४० मेगाहर्ट्झ क्लॉकवर डेटा देतो. एफपीजीएतलं (आपल्याला हवं तसं सर्किट भरता येणारी चिप) बाकी लॉजिक १०० मेगाहर्ट्झवर, ऑसिलेटर वेगळा. बाराही बिटांना दोन-दोन फ्लिपफ्लॉपचे (क्लॉकवर एक बिट धरून ठेवणारे) सिंक्रोनायझर लावलेत आणि दोन्ही क्लॉकमध्ये फॉल्स पाथ (हे मार्ग टायमिंग तपासणीतून वगळा, अशी सूचना) दिलाय. सिम्युलेशन बरोबर, टायमिंग रिपोर्टही स्वच्छ. बोर्डवर मात्र सिग्नल २०४७-२०४८ च्या आसपास असला की मधूनच ४०९५ किंवा ० येतो. तिसरा फ्लॉप वाढवू का?

घड्याळजी:
नका वाढवू. तिसऱ्या फ्लॉपने मेटास्टेबिलिटी (फ्लॉप ० की १ यात काही काळ अडकणं) कमी होते, तुमचा घोळ वेगळा आहे. २०४७ म्हणजे ०१११ ११११११११, २०४८ म्हणजे १००० ००००००००. बाराही बिट एकदम उलटतात. प्रत्येकाचा राउटिंग डिले (चिपमधल्या तारांतून जायला लागणारा वेळ) वेगळा. समजा सगळ्यात लवकर आणि सगळ्यात उशिरा पोचणाऱ्या बिटात १.५ नॅनोसेकंदांचा फरक आहे. तुमच्या १०० मेगाहर्ट्झ क्लॉकची एज (डेटा पकडण्याचा क्षण) दर १० नॅनोसेकंदांनी येते, म्हणजे साधारण १५ टक्के वेळा ती नेमकी त्या फटीत सापडणार. मग काही बिट नवे, काही जुने. वरचा बिट आधी पोचला की ४०९५, उशिरा पोचला की ०. सिंक्रोनायझर एकेका बिटासाठी असतो, अख्ख्या बससाठी, म्हणजे एकत्र जाणाऱ्या बाराही बिटांसाठी, नाही.

आरटीएल (सर्किटचं कोडमधलं वर्णन) सिम्युलेशनमध्ये डिले शून्य, म्हणून तिथे हे दिसत नाही. टेस्टबेंचमध्ये प्रत्येक बिटाला ० ते ३ नॅनोसेकंद रँडम डिले द्या, लगेच दिसेल.

बिटबाय:
एडीसीच्या बाजूला दर सॅम्पलला उलटणारा एक टॉगल बिट ठेवा. फक्त तोच तीन फ्लॉपमधून आणा, शेवटच्या दोघांचा एक्सॉर (दोघे वेगळे असले तरच १) एनेबल म्हणून वापरा आणि त्यावर डेटा पकडा.

घड्याळजी:
१ मेगाहर्ट्झच्या एडीसीला हे उत्तम, इथे नाही. टॉगल बदलल्यापासून डेटा पकडेपर्यंत २० ते ३० नॅनोसेकंद जातात आणि नवा सॅम्पल २५ व्या नॅनोसेकंदालाच हजर. इथे असिंक्रोनस फिफोच हवा, म्हणजे एका क्लॉकवर लिहून दुसऱ्यावर त्याच क्रमाने वाचायची रांग. १६ ओळी पुरतात, पॉइंटर (कुठे लिहायचं, कुठून वाचायचं ते सांगणारे मोजक) ५ बिटांचे, कारण भरलं की रिकामं हे ओळखायला एक बिट जास्त लागतो. पॉइंटर ग्रे कोडमध्ये (एका वेळी एकच बिट बदलणारे आकडे) बदलून आधी रजिस्टर करा, म्हणजे एका फ्लॉपमध्ये धरा, मगच पलीकडच्या दोन फ्लॉपना द्या. ग्रे कोड बनवणाऱ्या एक्सॉरचं आउटपुट थेट सोडलं तर त्यातले ग्लिच (क्षणिक चुकीच्या उड्या) पकडले जातात.

फॉल्स पाथ काढा. ग्रे पॉइंटरवर १० नॅनोसेकंदांचा मॅक्स डिले (जास्तीत जास्त उशिराची मर्यादा) द्या, डेटापाथ ओन्ली, म्हणजे क्लॉकमधला फरक न धरता. विवाडोत (एफपीजीएचं डिझाइन सॉफ्टवेअर) त्याच दोन क्लॉकवर असिंक्रोनस क्लॉक ग्रुप (दोघांत टायमिंग तपासू नका, अशी सूचना) ठेवलात तर तो मॅक्स डिलेवर कुरघोडी करतो आणि रिपोर्ट पुन्हा खोटाच स्वच्छ दिसतो. सिंक्रोनायझरच्या फ्लॉपवर असिंक रेग ही खूण लावायला विसरू नका. त्याने दोन्ही फ्लॉप शेजारीशेजारी बसतात.

नवा_आरटीएल:
ब्लॉक रॅम (एफपीजीएतली तयार मेमरी) वाचवायला फिफो १२ ओळींचा केला तर?

बिटबाय:
नाही चालणार. जास्तीच्या बिटामुळे १२ ओळी दोनदा मोजल्या जातात, म्हणून पॉइंटर २३ वरून ० वर येतो, ग्रेमध्ये १११०० वरून ०००००. तीन बिट एकदम, म्हणजे मूळ दुखणं परत. शिवाय १६ ओळींना ब्लॉक रॅम लागतच नाही, लटमधली (एफपीजीएचे छोटे लॉजिक तक्ते) डिस्ट्रिब्युटेड रॅम पुरते. वाचताना फिफो रिकामा नसेल तेव्हाच वाचा. सरासरी ५ सायकलमागे २ वेळाच डेटा येईल, तेव्हा पुढच्या फिल्टरला व्हॅलिड सिग्नल (या सायकलला डेटा खरा आहे, ही खूण) जोडा.