मदत हवी आहे: विमानाच्या मॉडेलचे जुने डिकल पाण्यात तुटतात, पावसात लॅकर मारू का?

१/७२ मापाचं मिग-२१ विमानाचं मॉडेल रंगवून तयार आहे, ग्लॉस कोटही (चकचकीत थर) झालाय. पण किट जुनं, डिकलशीट (पाण्यात भिजवून मॉडेलवर चिकटवायच्या नंबर-चिन्हांचा कागद) पिवळसर. नको असलेला एक नंबर कोमट पाण्यात टाकून बघितला. कागदावरून सुटला आणि ब्रश लागताच तीन तुकडे! तिरंगी गोल एकच जोडी आहेत, त्यामुळे आता हात लावायची हिंमत नाही. शीटवर आधी क्लिअर लॅकर मारून मग एकेक कापायचं, हे माहीत आहे. अडचण अशी की मी खानापूरला, इथं पाऊस थांबेना आणि दमट हवेत लॅकर पांढरं पडतं. एअरब्रश नाही, बेळगावातून आणलेला गाड्यांचा स्प्रेकॅन आहे. त्याऐवजी पाण्यातलं ॲक्रिलिक वार्निश ब्रशनं लावलं तर डिकल एकसंध राहतील का, किती हात द्यावेत?