मदत हवी आहे: पेनड्राइव्हवरचं उबुंटू (लिनक्स) अपडेट केलं, आता सुरूच होत नाही

रानवाट: काल रात्री सगळे अपडेट दिले. दोन तासांनी 'डिस्कवर जागा नाही' आलं. आता लोगोवरच अडकतंय. विंडोजला लावला की फॉरमॅट करू का विचारतंय. पेनड्राइव्ह १६ जीबीचा आहे, जागा संपेलच कशी? सोमवारी गाइडना त्यातल्याच नोंदी दाखवायच्यात. प्लीज लवकर सांगा.

दगडफूल: फॉरमॅट अजिबात करू नका! आवृत्ती कुठली? कशाने बनवला? पर्सिस्टन्स, म्हणजे बदल आणि फाइल साठवायला राखलेली जागा, किती?

रानवाट: २२.०४, रुफस सॉफ्टवेअरने. पर्सिस्टन्सची सरकपट्टी ४ जीबीवर ठेवली होती.

जुनंखोड: लाइव्ह (इन्स्टॉल न करता थेट चालणारा) पेनड्राइव्ह असा अपडेट करायचाच नसतो. एमएक्स लिनक्स घ्या, त्यात रीमास्टरची, म्हणजे बदल धरून मूळ सिस्टीम फाइल नव्याने बनवायची, सोय आहे. मी तेच वापरतो.

दगडफूल: काका, आधी त्यांच्या नोंदी निघू द्या. रानवाट, मूळ सिस्टीम दाबून बंद केलेल्या फाइलमध्ये असते, तिच्यात बदल होत नाही. अपडेटची प्रत्येक नवी फाइल त्या ४ जीबीत पडते, जुनी आहे तिथेच राहते. म्हणून भरलं. पीसी सुरू होताना येणाऱ्या बूट मेनूत 'ई' दाबा, 'लिनक्स' शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीतला 'पर्सिस्टंट' शब्द खोडा, एफ१० दाबा. कोरं उबुंटू उघडेल. मग पेनड्राइव्हच्या दुसऱ्या पार्टिशनमध्ये (भागात) अप्पर, होम, उबुंटू या फोल्डरांतून असं आत जा.

सायबरकट्टा: विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हापासून आमच्याकडचे सगळे जुने पीसी लिनक्स मिंटवर आहेत. मस्त चालतात.

जुनंखोड: त्यांनी ते विचारलंय का? आणि नोंदी निघाल्या तरी पुढच्या अपडेटला हेच होणार.

सारंगा: जाता जाता, लाइव्ह उबुंटूत मराठी कीबोर्ड दर वेळी नव्याने लावावा लागतो का?

दगडफूल: पर्सिस्टन्स असेल तर नाही. काका, तुमचा मुद्दा बरोबर आहे, पण रीमास्टर शिकायला आज वेळ कुठाय? मी तर दुसऱ्या पेनड्राइव्हवर पूर्ण इन्स्टॉलच करेन.

जुनंखोड: साध्या पेनड्राइव्हवर पूर्ण इन्स्टॉल रखडत चालतं. करून बघितलंय.

रानवाट: निघाल्या!! मालवणच्या मुलाखती सगळ्या आहेत. फक्त काल रात्री सेव्ह केलेली शब्दयादी शून्य बाइट दाखवतेय. ती परत मिळेल?

दगडफूल: जागा संपल्यावर सेव्ह केली असेल तर आत काही लिहिलंच गेलं नसणार. आधीची प्रत कुणाला मेल केली होती का?

रानवाट: गुरुवारी मैत्रिणीला पाठवली होती. तिला फोन लावते.