वर्गात सतत व्यत्यय आणणारी मुलं : शिक्षकांनो, तुमचे अनुभव लिहा

आठवीला विज्ञान शिकवते. यंदा वर्गात चार-पाच जण असे आहेत की मी फळ्याकडे वळले रे वळले की मागे आवाज काढणं सुरू, मग हसाहशी, मग अर्धा तास त्यातच जातो. ज्याला विचारावं तो म्हणतो कडक व्हा. कडक म्हणजे नक्की काय करायचं ते कोणी सांगत नाही. घसा बसतो, घरी गेल्यावर कोणाशी बोलावंसं वाटत नाही. रोज वर्गावर उभे राहणाऱ्यांनी लिहा प्लीज, काय चाललं आणि काय नाही.

---

मॅडम, मी गणिताचा. माझ्याकडे एक मुलगा होता, रोज कोणाची तरी वही ओढ, पेन फेक, आणि मी वर्गाबाहेर उभं केलं की अगदी शांत. मी नुसतं टिपून ठेवायला लागलो की हे नेमकं कधी होतं, तर लक्षात आलं तोंडी गणितं चालू असताना हा ठीक असतो, हातसुद्धा वर करतो, शाब्दिक उदाहरणं सोडवायला दिली की दंगा. त्याला वाचताच येत नव्हतं नीट! सगळ्यांसमोर 'येत नाही' म्हणण्यापेक्षा बाहेर जाणं त्याला परवडत होतं, म्हणजे मी ज्याला शिक्षा समजत होतो ती त्याची सुटका होती. मग शेजारच्या मुलाला उदाहरण मोठ्याने वाचायला सांगायचो आणि ह्याला पहिली पायरी मांडून द्यायचो. दंगा पूर्ण थांबला असं नाही म्हणणार, पण तास होऊ लागला. वाचनाचं वेगळं काम करावं लागलं, ते अजून चालूच आहे.

---

फळ्याकडे पाठ करूच नका शक्यतो. मजकूर आधी लिहून ठेवा किंवा मुलांकडून लिहून घ्या. जेकब कुनिन नावाच्या अभ्यासकाने 1970 मध्ये मांडलं होतं की गडबड झाल्यावर शिक्षक कसा रागावतो याने फारसा फरक पडत नाही, वर्गात कुठे काय चाललंय हे त्याला कळतंय असं मुलांना जाणवण्याने पडतो, शिवाय एका कामातून दुसऱ्यात जाताना मधे रिकामा वेळ किती जातो त्याने. माझा अनुभव अगदी हाच आहे, वह्या वाटायच्या त्या दोन मिनिटांतच सगळं बिनसतं.

---

पहिली-दुसरीवाली ताई इकडे. 'दुर्लक्ष करा' सांगणाऱ्यांनी पुढचं पण सांगावं. दुर्लक्ष केलं की मूल आधी जास्त जोरात करतं, कारण आजवर त्यानेच लक्ष मिळालेलं असतं, आणि त्या वाढलेल्या आवाजाला आपण ओरडलो की ते शिकतं, इतकं जोरात केलं की जमतं. आणि बाकीची मुलं हसत असतील तर तुमच्या दुर्लक्षाचा उपयोग शून्य, लक्ष तर त्याला मिळतंयच.

---

मी शिक्षक नाही, आई आहे. माझ्या मुलाला एडीएचडी आहे, म्हणजे लक्ष टिकवणं, एका जागी शांत बसणं त्याला अवघड जातं. शाळेतून फोन आला की छातीत धस्स होतं. 'आज त्याने हे केलं' एवढंच कळतं, त्याच्या आधी काय झालं ते कोणी सांगत नाही. ते कळलं तर डॉक्टरांना सांगता येतं हो, घरी पण काही करता येतं.

---

सगळं पटतं, पण उरलेल्या मुलांचं काय? माझ्या वर्गात एकाने खुर्ची फेकली. त्या क्षणी कारण कुठे शोधत बसणार? ऑफिसला निरोप पाठवला, कोणी आलं नाही, मी एकटी. सांगा कोणीतरी.

---

खुर्चीबद्दल : आम्ही शेजारच्या वर्गशिक्षकांशी ठरवून ठेवलंय. लाल कार्ड घेऊन मॉनिटर पळत जातो, त्या येऊन बाकीच्या मुलांना आपल्या वर्गात नेतात, मी त्या मुलाजवळ थांबते. भडकलेल्या मुलाला ओढत न्यायचं नाही, प्रेक्षक हलवायचे. हे वर्षाच्या सुरुवातीलाच मुख्याध्यापकांकडून लेखी मंजूर करून घ्या आणि एकदा मुलांकडून सराव करून घ्या, नाहीतर ऐनवेळी कार्ड सापडत नाही.