साक्षगंध झालेल्या जोडप्यांचं गावात शिबिर: काय घ्यावं, कसं घ्यावं?

बचतगटवाली ताई (यवतमाळ जिल्हा)
एप्रिल-मेच्या लग्नसराईआधी ८-१० जोडप्यांचं दोन दिवसांचं शिबिर घ्यायचं ग्रामसंघानं ठरवलं आहे. जागा जिल्हा परिषदेची शाळा. पैसा, आरोग्य, कायदा, एकमेकांशी बोलणं, सगळंच घ्यावं वाटते. सिकलसेलची (आईबापाकडून येणारा रक्ताचा आजार) तपासणी त्याच दिवशी उरकावी का?

उपकेंद्रातली सिस्टर
शिबिरात नको, ताई. रिपोर्ट चारचौघांत फुटला की सोयरीक मोडते अन् बोल पोरीलाच लागतो. खरं तर ही तपासणी स्थळं पाहायला लागण्याआधीच व्हायला हवी. या जोडप्यांची आता करायची तर १५ दिवस आधी करा आणि रिपोर्ट ज्याचा त्याच्या हातात, एकांतात द्या.

समजावताना घोळ होतो तो इथं. रिपोर्टवर एए म्हणजे निरोगी, एसएस म्हणजे आजारी. एएस म्हणजे वाहक, आजारी नव्हे; पण दोष लेकरात उतरू शकतो. एक एएस आणि दुसरा एए असेल तर मूल एसएस होत नाही. दोघंही एएस असतील तर प्रत्येक गरोदरपणात एसएसची शक्यता २५ टक्के, एएसची ५० आणि एएची २५. लोक याचा अर्थ "चारातलं एक" असा लावतात, म्हणजे तीन लेकरं निरोगी झाली तर चौथं आजारी. तसं नाही, दर वेळी हिशेब नव्यानं सुरू होतो.

सोल्युबिलिटी या पहिल्या, झटपट चाचणीवर थांबू नका. त्यात एएस की एसएस हे कळत नाही आणि हिमोग्लोबिन फारच कमी असेल तर असलेला दोष नजरेतून सुटूनही जातो. एचपीएलसी ही हिमोग्लोबिनचे प्रकार दाखवणारी रक्ततपासणी करून घ्या. त्यात थॅलेसेमियाचा (असाच रक्ताचा आनुवंशिक आजार) वाहकही सापडतो; सिकलसेल वाहकाशी ती जोडीही जोखमीचीच. दोघं वाहक असूनही लग्न करणार असतील तर पाळी चुकताच उपकेंद्रात यायला सांगा. गर्भाची तपासणी साधारण १० ते १२ आठवड्यांत होते, तिसरा महिना उलटल्यावर आलं की धावपळ होते.

पाळणा लांबवायचा असेल तर छाया गोळी सांगा: पहिले ३ महिने आठवड्यातून दोन ठरलेल्या वारी, मग आठवड्यातून एकदा. चुकते ती चौथ्या महिन्यात, वार बदलतो म्हणून. कॅलेंडरवर आधीच खुणा करून द्या.

बांधावरचा हिशेब
पैशाचं सत्र भाषणानं वाया जाते. प्रत्येकाला जून ते मे असा १२ रकान्यांचा कागद द्या. वर आवक: सोयाबीन ऑक्टोबरात, कापूस दिवाळीपासून फेब्रुवारीपर्यंत, तूर जानेवारी-फेब्रुवारीत, मजुरी जेव्हा मिळते तेव्हा. खाली खर्च. पोरानं आणि पोरीनं वेगवेगळा भरायचा, मग शेजारी ठेवायचा. जून-जुलैचे रकाने रिकामे दिसले की बियाणं-खताचं उधार कुठून येते हे आपोआप निघते.

पोरं सावकाराचं कर्ज लपवतात, म्हणून उदाहरण त्याचंच घ्या. शेकडा ५ रुपये महिना म्हणजे १ लाखावर वर्षाला ६०,००० नुसतं व्याज. मंडप, जेवण, वरातीत पीककर्ज उडालं तर ते थकते, व्याज सवलत जाते अन् पुढच्या हंगामात बँक दारात उभं करत नाही. हे नवरीला लग्नाआधी माहीत असणं तिचा हक्क आहे.

समुपदेशक (अमरावती)
बोलण्याचा सराव हाच शिबिराचा गाभा समजा. एकानं दोन मिनिटं बोलायचं, दुसऱ्यानं मधे न तोडता ऐकून आपल्या शब्दांत सांगायचं, "असंच म्हणायचं होतं ना?" विचारायचं, मग पाळी बदलायची. विषय सोप्यापासून: माहेरी किती दिवस, मोबाईल कोणाकडे, तिची मजुरी कोणाच्या हातात, दारू. मोठी माणसं जवळ असली की पोरगी गप्प बसते. त्यांना पटांगणात बसवा, दिसतील पण ऐकू येणार नाही इतक्या अंतरावर. पोरं येत नाहीत ती दिवसा काम असते म्हणून. सत्रं संध्याकाळी ६ नंतर ठेवा.

आणि प्रत्येकाला एकट्यानं विचारा: लग्न मनापासून आहे का?

बचतगटवाली ताई
एका मुलीला १८ पूर्ण व्हायला चार महिने आहेत. आधारवर मात्र जास्त वय दिसते. तिला घ्यावं का?

समुपदेशक (अमरावती)
वय शाळा सोडल्याच्या दाखल्यावरून धरा, आधारवरून नाही. शिबिरात घ्या, पण लग्नाची तारीख चार महिन्यांपुढं गेल्यावरच. मुलाचे २१ झालेत का तेही बघा. घरचे ऐकत नसतील तर ग्रामसेवकाला कळवा, गावात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी तेच असतात, नाहीतर १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनला. लग्नाची नोंदणीही ग्रामसेवकाकडेच, ९० दिवसांत, ३ साक्षीदारांसह. अर्ज शिबिरातच भरून ठेवा.