सापांच्या वजनासाठी डिजिटल काटा कोणता घ्यावा?

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे. आम्ही टेक्सासला असतो. घरी मुलीचा बॉल पायथन जातीचा अजगर आहे, सव्वा किलोच्या आसपास. आता कॉर्न स्नेकचं पिल्लूही आलंय, जेमतेम ८ ग्रॅमचं! स्वयंपाकघरातला ५ किलोचा काटा १ ग्रॅमच्या टप्प्याने दाखवतो. अजगराला तो पुरतो, पण पिल्लाला खाणं केवढं द्यायचं ते वजनावरच ठरतं, तिथे १ ग्रॅमची चूक फार मोठी. ०.१ ग्रॅमवाले छोटे काटे पाहिले, पण त्यांवर झाकणाचा डबा ठेवला की आकडेच झाकले जातात. शिवाय साप हलतो, आकडा ठरत नाही. आकडा धरून ठेवणाऱ्या 'होल्ड' बटणाचा खरंच उपयोग होतो का? दोघांना एकच काटा चालेल, की दोन घ्यावेत? पिल्लाला फार हाताळायला लागू नये, एवढंच बघतेय.