घरच्यांना घेऊन फिरायला जाता तेव्हा पैसे कुठं वाचवता? आपापले अनुभव सांगा

राम राम मंडळी. दर्यापूर तालुक्यातून लिहून राहिलो, खारपाणपट्ट्यात, म्हणजे जिथं विहिरीचं पाणीच खारं तिथं, सहा एकर कोरडवाहू हाय, कापूस, तूर अन मांगून हरभरा. घरात आम्ही पाच जणं. आई 76 वर्षाची, मी, लेकरायची माय, मोठा पोरगा 10 चा अन लहानी 4 ची.

धागा काढायचं कारण सांगतो. दोन वर्षाआधी दिवाळीच्या सुट्ट्यात महाबळेश्वरले गेलतो, सोयाबीनचे पैसे नुकतेच हाती आलते म्हणून भाड्यानं गाडी केली, चार दिवस राह्यलो अन 41 हजार रुपये गेले. त्यातले 14 हजार तं नुसते गाडीचे अन 10 हजार खोल्यायचे, खाणं वेगळं. वापस आल्यावर हरभऱ्याचं बेणं उधारीत आणा लागलं. लेकरं खुश होते, ते खोटं नाई म्हणत मी, पण माह्या मनाले ते लागून राह्यलं, दोन वर्ष झाले कुठीच गेलो नाई.

आता आईनं एक गोष्ट मांगितली. तिले समुद्र पायचा हाय. जलमभर तिनं कधीच काई मांगितलं नाई म्हणून यावेळी नेणार म्हणजे नेणारच. पण उधारी करून नाई. म्हणून इचारतो, तुम्ही सहकुटुंब कुठं गेले, किती लागले, कशात वाचले, कशात फसले, खरे आकडे घालून सांगा. लहान मोठं काई पण चालते.

परतवाड्याहून

भाऊ, समुद्राचं मले माईत नाई पण चिखलदरा आमच्या दारातच, तेवढं सांगतो. सगळे जण पावसाळ्यात शनिवार रविवारीच येतात, जुलै ऑगस्टमध्ये रविवारी घाटात गाड्यांची रांग लागते अन ज्या खोलीचे मंगळवारी मी 1200 दिले तीच खोली पाहुण्यानं शनिवारी 3500 ले घेतली, त्याच महिन्यात, माह्या डोळ्यादेखत. वार बदलला की निम्मा खर्च तिथंच वाचते. दुसरं म्हणजे परतवाड्यापासून एसटी जाते वरपर्यंत, स्वतःची गाडी पाहिजेच असं काई नाई. वर गेल्यावर पॉइंट लांब लांब आहेत म्हणून आम्ही तिथं एक दिवसाची जीप केली, दोन घरच्यायनं मिळून. भीमकुंड, देवी पॉइंट, पंचबोल, गाविलगड सगळं एका दिवसात झालं, माणशी दीडशे पडले. गाविलगडात मात्र घाई करू नका, तिथं अर्धा दिवस द्या, लेकरायले किल्ला म्हणजे काय ते तिथं समजते.

मेहकर तालुक्यातून, एक ताई

आमचा बायकांचा बचत गट आहे, दहा जणींचा, त्यातच आम्ही वेगळी भिशी लावली फिरायची, महिन्याला 300 रुपये. वर्षाकाठी एकीचे 3600 होतात अन ते दुसऱ्या कशालाच वापरायचे नाहीत असं ठरलेलं. माझ्या मालकांना आधी पटलं नव्हतं, आता तेच आठवण करून देतात की हप्ता भरला का.

17 मार्च 2023 पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं ना, तेव्हापासून आमचं सगळं गणितच बदललं. 2025 च्या जानेवारीत भाडं वाढलं तरी अर्धं म्हणजे अर्धंच. आम्ही शेगाव, लोणार अन सिंदखेडराजा असं तीन दिवसात केलं, सासूबाई 77 च्या, त्यांचं तिकीट शून्य, 75 च्या वरच्यांना फुकट आहे ते. फक्त आधार कार्ड जवळ ठेवा, मूळ, कंडक्टर वय पाहतो. 5 ते 12 च्या लेकरांना अर्धं, 5 च्या आतल्यांना नाही. म्हणजे घरात खरं पूर्ण तिकीट एकट्या बाप्याचंच. पण एक ध्यानात ठेवा, ही सवलत महाराष्ट्राच्या हद्दीपर्यंतच, पुढं बुऱ्हाणपूरला जाल तर हद्दीपलीकडचे पूर्ण पैसे.

लोणारला तर दादा तुमच्या आईला आधी न्याच. तिथल्या सरोवराचं पाणी पण खारं आहे, 2020 च्या जूनमध्ये गुलाबी झालं होतं तेच. काठावर उभं राहून सासूबाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग म्हणल्या एवढा मोठा खड्डा एका दगडानं केला होय. आमचे माणशी तीन दिवसांचे 1150 रुपये लागले, शेगावला दोन वेळचा महाप्रसाद घेतला अन भक्तनिवासात राहिलो हे धरून.

खामगावजवळून

ताईंनी शेगाव लिहिलंच तर एक जोडतो, पुष्कळ लोकांना माहीत नसते. गजानन महाराज संस्थानच्या शाखा पंढरपूर, आळंदी, त्र्यंबकेश्वर अन ओंकारेश्वरला पण आहेत, राहायची सोय तशीच स्वच्छ अन कमी पैशात. आम्ही मागच्या सहा वर्षात चारही केले, लॉजमध्ये एकदाही थांबलो नाही. नियम पाळा लागतात, वेळेच्या वेळी आत या, आवाज नको. लहान लेकरं असली तरी पाळतात ते, आधी सांगून ठेवलं की.

घाटंजी, यवतमाळ

मी फसलो तेच सांगतो म्हणजे दुसरं कोणी फसणार नाही. तालुक्याच्या गावात एका टूरवाल्यानं तिरुपतीचं पॅकेज काढलं होतं, माणशी 6500, दर्शन, राहणं, जेवण, सगळं त्यात. आम्ही चौघांचे 12 हजार आधी भरले, पावतीवर नुसती सही, ना तारीख ना गाडीचा नंबर. निघायच्या दोन दिवस आधी फोन बंद. ते पैसे माझ्या बायकोनं शिलाईचे जमवलेले होते, दोन वर्षाचे. अजूनही ब्लाउज शिवताना कधी कधी मशीन थांबवून बसते ती, तेव्हा मला समजते तिच्या डोक्यात काय चाललंय.

पुढच्या वर्षी आम्ही स्वतःच अमरावती तिरुपती एक्स्प्रेसचं स्लीपर काढलं, अकोल्याहून बसलो, दर्शनाचं अन खोलीचं देवस्थानच्या वेबसाइटवर आधीच बुक केलं, भाच्यानं करून दिलं. चौघांचे सगळे मिळून 11 हजारच्या आत झाले. म्हणजे ज्याला आम्ही बुडवायला पैसे दिले तेवढ्यात पूर्ण तिरुपती झालं असतं. लेखी कागद नसेल तर एक रुपया आधी देऊ नका कोणालाच.

जिल्हा परिषद शाळेतला शिक्षक, वाशीम

रेल्वेचं मी सांगतो, सगळं स्वतः करून पाहिलेलं आहे.

रिझर्व्हेशन आता 60 दिवस आधी उघडते, 2024 च्या नोव्हेंबरपासून, त्याआधी 120 दिवस होते. म्हणजे ज्या तारखेला जायचं त्याच्या 60 दिवस आधी सकाळी आठला तयार बसा. तत्काळच्या भरवशावर राहिलं की जास्तीचे पैसे जातात अन तिकीट मिळेलच असं नाही. 5 वर्षाच्या आतल्यांना तिकीट नाही. 5 ते 12 च्या मुलाला वेगळा बर्थ नको म्हणलं तर अर्धं भाडं, बर्थ घेतला तर पूर्ण, हे 2016 पासून आहे. तुमचा 10 वर्षाचा मुलगा तुमच्याजवळ झोपू शकत असेल तर अर्धंच काढा. मी दोनदा तसं केलं, रात्रभर पाय आखडून झोपलो पण वाचलेल्या पैशात एका दिवसाचं जेवण निघालं.

ज्येष्ठांची तिकिटातली सवलत मार्च 2020 पासून बंद आहे, ती धरून हिशोब करू नका. पण आईंचं तिकीट वेगळं, एकटीचं काढा, त्यात लोअर बर्थवाला सिनियर सिटिझन कोटा निवडा, बायकांना 45 च्या वर तो मिळतो. सगळ्यांसोबत एकाच तिकिटावर काढलं तर तो कोटा लागत नाही. मी माझ्या वडिलांच्या वेळी ही चूक केली, त्यांना वरचा बर्थ आला, गुडघे दुखणारा माणूस, रात्रभर खालीच बसून आला.

अजून एक, आपल्या विदर्भातल्या शाळा उन्हामुळं उशिरा उघडतात, पुण्या मुंबईच्या शाळा जूनच्या मध्यात सुरू झाल्या की तिकडची गर्दी ओसरते अन आपली मुलं मोकळीच असतात. नोकरीवाल्यांनी हे आठ दहा दिवस जरूर पाहावे, नाशिकला जी खोली मे महिन्यात 2200 सांगितली होती ती मला 20 जूनला 900 ला मिळाली. शेतीवाल्यांचं मात्र त्याच दिवसात पेरणीचं असते, म्हणून त्यांना सांगून उपयोग नाही हे मला कळते.

चिमूर तालुका

ताडोबा आमच्या बाजूला म्हणून लिहितो. सहा जणांची जिप्सी असते, तुम्ही तिघं असले तरी भाडं पूर्ण गाडीचं, म्हणून दुसरं एखादं कुटुंब सोबत जोडा. आम्ही साळ्याच्या घरच्यांना घेतलं, सरळ अर्ध्यावर आलं. शनिवार रविवारचे दर जास्त, मंगळवारी बंद, म्हणून बुधवार गुरुवार धरा. अन बफरला, म्हणजे जंगलाच्या बाहेरच्या पट्ट्याला, हलकं समजू नका, आतल्या कोअरपेक्षा स्वस्त पडते अन आम्हाला वाघीण बफरमध्येच दिसली, पाणवठ्यावर बसली होती, माझ्या पोरीनं श्वास धरून ठेवला होता. राहायला गेटजवळच्या गावात घरगुती खोल्या मिळतात, चुलीवरचं जेवण, रिसॉर्टच्या एका ताटाच्या पैशात चौघं जेवतात.

तेल्हाऱ्याची एक काकू

सगळ्यायनं तिकिटाचं सांगितलं, खाण्याचं कोणीच नाई सांगितलं, अन पैसा तं तिथंच झरते बाई. पाच माणसं हॉटेलात बसले की हजार रुपये गेले समजा, अन लेकरं अर्धं ताटात टाकतात.

माही पद्धत अशी. जायच्या आदल्या रात्री दशम्या करतो, कणीक निव्वळ दुधात भिजवतो, पाण्याचा थेंब बी नाई, थोडं मोहन अन मीठ. पूर्ण गार झाल्यावरच फडक्यात बांधायच्या, गरम बांधल्या की घाम सुटते अन दुसऱ्या दिवशी वास येते. तीन दिवस राह्यतात. सोबत जवसाची चटणी, शेंगदाण्याची चटणी, कांदा अन लोणचं. ठेचा पहिल्या दिवसापुरताच घ्या. मुरमुऱ्याचा चिवडा मोठ्या डब्यात, लेकरायनं गाडीत हात घातला की दुकानाकडं पायतच नाईत. आम्ही पंढरपूरले सात जणं गेलतो, जाता येता बाहेरचं जेवण फक्त एकदा घेतलं, तेही मुद्दाम, कारण सुनेले एक दिवस तरी आयतं ताट भेटलं पाहिजे. तिची सुट्टी होय ना ते बी.

आर्वी, वर्धा जिल्हा

काकूंचं शेवटचं वाक्य वाचून लिहावंसं वाटलं. मी एकदा वाचवायच्या नादात बाबांना तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत ठेवलं, लिफ्ट नव्हती, 400 रुपये कमी होते म्हणून. दोन दिवस ते खालीच उतरले नाहीत. आम्ही फिरून यायचो अन ते खिडकीत बसलेले दिसायचे. त्यानंतरचं वर्ष बाबा राहिले नाहीत. म्हणून सांगते, म्हाताऱ्या माणसाची खोली तळमजल्यावर, पाश्चात्त्य संडास असलेली, तिथं पैसे मोजा. बाकी कुठंही काटा.

अन काही न खर्च करता लेकरांना काही दाखवायचं तर सेवाग्राम न्या. बापू कुटीत तिकीट नाही, 1936 पासून गांधीजी तिथं राहिले, मातीच्या भिंती अन ती एवढीशी बसायची जागा पाहून माझा मुलगा म्हणाला, आई यांच्याकडे सामानच नव्हतं का. जवळच पवनारला विनोबांचा आश्रम अन धाम नदी. एसटीनं गेलो, घरचा डबा, चौघांचे 500 पण लागले नाहीत.

धागा काढणारा, दर्यापूर

सगळ्यायचं वाचलं, काईचं दोनदा वाचलं. घाटंजीवाले भाऊ, तुमचं वाचून लय वाईट वाटलं.

आमचं असं ठरलं. तूर निघाली की हरभरा सोंगायच्या आधी फेब्रुवारीत आठ दहा दिवस हात मोकळे राह्यतात, तेव्हाच जायचं, सोमवार ते शुक्रवार. पोराच्या गुरुजीले चार दिवसाची सुट्टी मांगितली, त्यायनं हो म्हणलं, आल्यावर समुद्रावर एक पान लिहून आणायचं. बडनेऱ्याहून रात्रीच्या गाडीनं कल्याण, म्हणजे एका रात्रीची खोली वाचते. पोराचं अर्धं, लहानीचं नाई, आईचं वेगळं लोअर बर्थवालं. कल्याणहून पनवेल अन तिथून एसटीनं अलिबाग, आईले फुकट, घरचीले अर्धं. खोली तळमजल्याचीच, दोन रात्री, फोनवर बोललो, मधल्या वारी 1300 म्हणले अन मेसेजवर लिहून मांगितलं. सगळं धरून 11 हजारात बसवलं, त्यात एक दिवस सगळ्यायनं बाहेर जेवायचं हे बी धरलं. भिशी नाई आमच्या इथं, पण कापसाच्या पहिल्या वेच्याचे पैसे आले तवा त्यातले 11 हजार गव्हाच्या कोठीत वेगळ्या डब्यात ठेवून देल्ले.

आईले सांगितलं काल. ओसरीत तूर निवडत बसली होती. इचारलं तिले, समुद्रच काऊन पायचा तुले. तं म्हणे, लगन होऊन या गावात आली तवापासून खाऱ्या विहिरीचं पाणी शेंदलं, डाळ शिजत नव्हती त्यात, साबणाचा फेस येत नव्हता. एकदा त्या पाण्याचं घर पायचं हाय. मंग इचारलं तिनं, तिथं बाटली भरून आणू देतात काय.